नानांनी पोट साफ केलं

रिपोर्टवर औषधांची नावं एकाखाली एक छापलेली होती आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे इंग्रजी 'आर' हे अक्षर होतं. जळगावच्या दवाखान्यातले डॉक्टर पेनाचं टोक वरून खाली नेत गेले. कुठेही थांबले नाहीत. शेवटच्या नावापाशी आले तेव्हा म्हणाले, "आर म्हणजे या जंतूवर हे औषध चालत नाही. हे एक चालेल. पण हे मूत्रपिंडाला त्रास देतं."

"मग?" मी विचारलं.

"मग हेच देऊ. दुसरं काही नाही."

माझी बायको प्रतिभा शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "यांचं एकच मूत्रपिंड चालतं, डॉक्टर. त्यालाच त्रास देणार का?" डॉक्टरांनी मान हलवली. ती हो होती की माहीत नाही अशी होती, ते मला कळलं नाही. मला त्या दिवशी थंडी वाजून इतका ताप होता की दात एकमेकांवर आपटत होते, आणि तरी ते सगळे आर मला स्पष्ट दिसत होते.

ज्यांच्या हातात असा कागद पडला आहे किंवा पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी बरा झालेलो नाही. बरं झालेल्या माणसाचा अनुभव हवा असेल तर तो माझ्याकडे नाही.

मी, माझे खडे आणि मेडिकल

रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी माझी केळीची बाग आहे. खाऊनपिऊन सुखी घर. आमच्याकडे मुतखड्याला कुणी आजार म्हणत नाही. पाणी जड, ऊन भाजून काढणारं, आणि केळी कापणीच्या दिवसांत गाडी भरून होईपर्यंत पाणी प्यायचं भान राहत नाही. प्रत्येक घरात कुणाला तरी खडा असतो. कळ आली की गोळी, जळजळ झाली की मेडिकलवरून जंतू मारायच्या गोळ्यांचं पाकीट. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेलं पाकीट फडताळात. पुढच्या वेळी तेच काढायचं. मी हे वर्षानुवर्षं केलं. डॉक्टरकडे गेलो तोवर डावं मूत्रपिंड आक्रसून सुपारीसारखं झालं होतं.

उजवीकडचा खडा मात्र शहाण्यासारखा ऑपरेशन करून काढला. आत नळी ठेवली. आणि त्यानंतर आठवड्याभरात तो ताप आला, तो रिपोर्ट आला.

त्या औषधानं मी वाचलो. घरी आलो. महिन्याभरानं पुन्हा तोच ताप, पुन्हा तोच जंतू, पुन्हा तेच इंजेक्शन. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारा आकडा दरवेळी थोडा वर चढायचा आणि मागच्या जागी परत यायचा नाही. असं किती वेळा झालं ते आता प्रतिभाच सांगू शकेल.

दवाखान्यात माझ्या खोलीच्या दारावर पिवळा कागद लावायचे. आत येणारा प्रत्येक जण अंगावर प्लॅस्टिकचा झगा आणि हातमोजे घालून यायचा आणि बाहेर पडताना ते काढून टाकायचा. माझा जंतू दुसऱ्या रुग्णाकडे जाऊ नये म्हणून. ते योग्यच होतं. पण दिवसभर कुणाचा उघडा हात अंगाला लागला नाही की माणसाला आपण कुजलो आहोत असं वाटू लागतं. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी तेवढ्या झग्यातूनही गप्पा मारायच्या. "भाऊ, तुमच्या बागेतली केळी कधी खाऊ घालता?" म्हणायच्या. मी म्हणायचो, "मावशी, माझ्या हातचं खाल तर तुमच्याही दाराला पिवळा कागद लागेल." त्या हसायच्या. दिवसातलं तेवढंच हसणं.

माणसाचं जीवामृत

जळगावच्या डॉक्टरांनीच धुळ्याच्या एका पोटविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, मीही तेच लिहितो. वयानं माझ्या पुतणीएवढ्या असतील. त्यांनी मला अर्धा तास दिला. इतका वेळ या आजारात कुणी दिला नव्हता.

म्हणाल्या, "लघवीत दरवेळी येणारा हा जंतू तुमच्या आतड्यात घर करून आहे. औषधानं लघवीतला मरतो, आतड्यातला राहतो. शिवाय इतक्या औषधांनी आतड्यातले चांगले जंतूही मेलेत. मोकळं रान मिळालंय त्याला."

"मग?"

"निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू तुमच्या आतड्यात सोडून बघायचे. ते वाढले, त्यांनी जागा धरली, तर याला हुसकावतील. कदाचित."

प्रतिभानं पदर तोंडाला लावला. मला मात्र ते पटकन समजलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून आंबवलेलं जीवामृत मी दर पंधरवड्याला केळीला सोडतो. कशासाठी? मातीत चांगले जिवाणू वाढावेत म्हणून. मी म्हणालो, "म्हणजे माणसाचं जीवामृत."

मॅडम हसल्या. "तसंच समजा. पण मला सांगा, जीवामृत दिलं की बागेतला रोग जाईलच, अशी खात्री तुम्ही देता का?"

"नाही."

"मग मीही देत नाही. तुमच्या जंतूसाठी हा सिद्ध झालेला उपचार नाही. दवाखान्याच्या समितीची परवानगी घेऊन, मोजक्या रुग्णांवर करतो आहोत. काहींचा जंतू गेला, काहींचा नाही. गेलेला परतही आलाय."

त्यांनी एवढं स्वच्छ सांगितलं होतं. पण बुडणाऱ्याला 'कदाचित' हा शब्द ऐकूच येत नाही. घरी येईपर्यंत मी मनात बरा झालो होतो.

कुणाचंच पोट चांगलं नाही

दाता शोधायचा होता. निरोगी, अलीकडे जंतुनाशक औषध न घेतलेला, साखर नसलेला, पोटात असला जंतू नसलेला. मला वाटलं होतं, आपलं एवढं मोठं गोत, त्यात काय.

धाकट्या भावाला विचारलं. तो आमच्या रावेरकडच्या बोलीत म्हणाला, "दादा, रगत मांग, आत्ता देतो. हे काय मांगतो बाप्पा?" आणि तोंड लपवून हसायला लागला. मला राग आला नाही. मीही हसलो असतो. नंतर तो तयार झाला, तर त्याला साखर निघाली. पुतण्याला नुकतीच टायफॉइड होऊन जंतू मारायची इंजेक्शनं झाली होती. प्रतिभा मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होती, मी देते, मला कधी ताप येत नाही. तिचा नमुना मुंबईला तपासायला पाठवला. तिच्या पोटात माझाच जंतू निघाला. तिला त्याचा त्रास काही नाही, पण तो आहे.

प्रतिभाचं माहेर धुळ्याकडचं. एरवी ती आमच्यासारखं बोलते, मधूनच अहिराणीवर जाते. रिपोर्ट ऐकून म्हणाली, "तुम्हनं बठ्ठं मन्हाकडेच येस. आते हाई बी."

तुमचं सगळं माझ्याकडेच येतं, आता हेही, असं बोलली हसून. मला ते अजून टोचतं. तिनं माझी भांडी उचलली, माझे कपडे धुतले, लघवीच्या नळीची पिशवी रिकामी केली, आणि मी तिला हे दिलं.

राहिला तिचा मोठा भाऊ. नाना. धुळ्याला देवपुरात त्यांची पिठाची गिरणी आहे. साठीला आलेला माणूस, पण ज्वारीचं पोतं एकटा उचलून हॉपरमध्ये ओततो. दवाखाना माहीत नाही. मी त्यांना कसं विचारावं या विचारात दोन दिवस घालवले. आमच्याकडे जावई म्हणजे देव. नानांनी मला लग्नापासून कधी खाली बसून जेवू दिलं नाही, पाट दिल्याशिवाय. त्यांच्याकडे हे कसं मागायचं?

शेवटी देवपुरात जाऊन प्रतिभानंच मागितलं. नाना म्हणाले, "आपन जे फेकी देतस ते दाजीना कामले येस व्हई, तर मी कसाले नही म्हनू?"

त्यांची बायको, शोभावहिनी, आतून ओरडल्या, "अधिक महिनामा जावईबोवाले अनारसा दिधात, चांदीनं ताट दिधं. आते हाई वाण दी टाका!"

आम्ही चौघेही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्या घरात त्यानंतर कुणी तसं हसलेलं मला आठवत नाही.

नानांच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मॅडम म्हणाल्या, "असं पोट हल्ली बघायला मिळत नाही."

फोन

इथून पुढचं लिहिणं अवघड आहे. पण हे सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तारीख ठरली तेव्हा मॅडमनी मला फोनवर बजावलं : दात्यानं बाहेरचं खायचं नाही, ताप-जुलाब झाले तर कळवायचं, आणि जंतू मारायची एकही गोळी घ्यायची नाही, एकसुद्धा, नाहीतर त्यांच्या पोटातले आपल्याला हवे असलेले जंतूच मरतील. "तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा," म्हणाल्या.

मी नानांना फोन लावला तेव्हा बागेत गाडी भरणं चालू होतं. केळीच्या फण्या खोक्यांत बसवत होते, ट्रॅक्टर चालू होता, अर्धं ऐकू येत नव्हतं. बाहेरचं खाऊ नका, हे मी सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं नाही. मुद्दाम नाही. नाना आणि गोळी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट फोन ठेवता ठेवता मी थट्टा केली, "नाना, माल स्वच्छ पाहिजे बरं का. जावयाला द्यायचाय."

"तुम्ही चिंताच करू नका दाजी," नाना म्हणाले. "एक नंबर."

गिरणीत

प्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे देवपुरात पोचलो. दुपारी मी गिरणीत जाऊन बसलो. मॅडमच्या सांगण्यावरून माझी औषधं बंद केलेली होती. म्हणजे आता ताप आला तर मधे काहीच नाही, अशी ती वेळ होती. गिऱ्हाईक गेल्यावर नानांनी पट्टा बंद केला. भुवयांवर, मिश्यांवर पीठ. माझ्या जवळ येऊन, चांगली बातमी सांगावी तसे हळूच म्हणाले, "दाजी, मी पोट बठ्ठं साफ करी टाकं."

"म्हणजे?"

"शोभानी दाढ काढी ना, तव्हयन्या गोळ्या पडेल व्हत्यात घरमा. जंतू मारान्या. चार-पाच दिन व्हयनात, रोज खाध्यात. आते पोटमा एक जंतू नही. तुम्हले घाण देसू का मी?"

ते हसत होते. जावयाला द्यायचं ते धुऊन-पुसून द्यावं, तसं त्यांनी पोट धुतलं होतं. गोळ्या कडू होत्या, दोन दिवस मळमळलं, पण सोडलं नाही, असंही सांगितलं.

मला माहीत होतं. तिथेच, त्या क्षणी, मला पूर्ण माहीत होतं की हे फुकट गेलं. मॅडमना फोन करायला हवा होता. त्या म्हणाल्या असत्या, थांबा, काही महिने जाऊ देत, पुन्हा तपासणी करू. पण मला काही महिने नको होते. मला उद्या हवा होता. आकडा वर चढत होता. प्रतिभानं आतल्या खोलीत माझ्यासाठी चादर घालून ठेवली होती. आणि मनात एक हिशोबी आवाज म्हणत होता, थोड्या गोळ्यांनी काय होतं, सगळे जंतू थोडेच मरतात, काही तरी उरले असतील.

मी म्हणालो, "बरं केलंत, नाना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नर्सबाईंनी नानांना विचारलं, "तपासणीनंतर काही आजार? काही गोळी?" नाना सांगायलाच निघाले होते, "गोळी म्हंजे..." मी मधे बोललो. "नाना गोळीच्या वाटेलाही जात नाहीत, बाई." नर्सबाईंनी कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. जावई बोलला की त्यांच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही.

नंतर बाहेर बाकावर त्यांनी विचारलं, "सांगू कसाले दिधं नही?"

"उगीच चौकशा वाढतात," मी म्हणालो.

"हां, ते बी शे," नाना म्हणाले.

प्रक्रिया

लोकांना याच भागाबद्दल सगळ्यात जास्त उत्सुकता असते, आणि त्यात सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं औषध पितात, भरपूर पाणी पितात, खेपा होतात. दात्याचा नमुना ताजा घेऊन मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात. तुम्हाला गुंगी देऊन दुर्बीण घालून तो आत सोडतात. दुखत नाही, वास येत नाही. जागा झालो तेव्हा प्रतिभानं माझा हात धरला होता. हातमोजे नव्हते. "झालं," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या महिन्यांत प्रथमच झोप झालेली पाहिली.

पुढचे काही आठवडे ताप आला नाही. ती सगळ्यांना फोन करून सांगायची, नानांनी वाचवलं. मी बागेत चालून यायचो. कधी कधी मलाही वाटायचं, तो हिशोबी आवाज खरा ठरला. मॅडमनी माझा नमुना मुंबईला पाठवला. जंतू तिथेच होता. मग एका दुपारी बागेतून परतताना अंगात थंडी भरली. दात वाजायला लागले. मी घरी न सांगता पांघरूण घेऊन पडलो. प्रतिभानं येऊन कपाळाला हात लावला आणि तशीच खाली बसली.

या वेळी त्या शेवटच्या औषधापुढेही आर लिहून आला. कुठून कुठून दोन औषधं एकत्र करून त्यांनी मला जगवलं. मूत्रपिंड मात्र परत आलं नाही.

नानांवरचा बोल

मॅडमना कारण शोधायचं होतं. धुळ्याला त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. नानाही आले. मॅडमनी नानांना सरळ विचारलं, "तुम्ही मधे काही जंतुनाशक घेतलं होतं का?"

नानांनी सगळं सांगितलं. जसं मला गिरणीत सांगितलं होतं तसंच, फक्त या वेळी हसले नाहीत. मला हे आधीच सांगितलं होतं, असं मात्र म्हणाले नाहीत. म्हणाले, "पोट साफ व्हावं म्हनून खाध्यात."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग त्या चिडल्या. मोठ्यानं नाही, पण चिडल्या. "काका, आम्हाला साफ नको होतं. साफ नकोच होतं! तुम्हाला विचारलं होतं ना त्या दिवशी?"

नाना खाली मान घालून म्हणाले, "मन्ही चूक व्हयनी."

हे मला समोर बसून ऐकावं लागलं, असं मी म्हणणार नाही. मी ऐकून घेतलं. तोंड उघडायला मला कुणी बंदी केली नव्हती. एक वाक्य होतं, 'मॅडम, मला आदल्या दिवशीच माहीत होतं'. ते घशापर्यंत आलं आणि मी खोकलो. प्रतिभानं मला पाण्याची बाटली दिली.

मॅडम नंतर शांत झाल्या आणि हेही म्हणाल्या की गोळ्या घेतल्या नसत्या तरी हा जंतू गेलाच असता, असं कुणी सांगू शकत नाही. ते खरं आहे. वाचणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवावं. पण प्रतिभाला ते ऐकू गेलं नाही. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "इतकं शिकलेलं जग, आणि माझा भाऊ घरातल्या गोळ्या खातो." त्या वर्षी भाऊबीजेला ती देवपूरला गेली नाही. ओवाळणीचं ताट रिकामंच राहिलं. मी म्हणालो, जाऊन ये. ती म्हणाली, "तुम्हाला राग येत नाही? कसले देवमाणूस आहात हो तुम्ही."

मंगळवार

आता जळगावला आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. चार तास यंत्राला जोडून पडायचं. पाणी मोजून, मीठ नाही, आणि केळं तर अजिबात नाही, कारण त्यात पोटॅशियम फार. माझ्या बागेची गाडी भरून जाते आणि मी फणीला हातही लावत नाही. शेजारच्या खाटेवरचे एक चोपड्याचे गुरुजी मला चिडवतात, "तुम्ही म्हणजे दारूबंदीतले कलाल. दुकान आपलं, घोट नाही." यंत्र चालू असताना थंडी वाजते. पायात गोळे येतात. सुरुवातीला वाटायचं की सवय होईल. सवय होते, पण त्यानं बरं वाटत नाही.

मंगळवारी प्रतिभाऐवजी नाना येतात. गिरणी बंद ठेवून धुळ्याहून सकाळच्या एसटीनं येतात, माझ्या पायथ्याशी स्टुलावर बसतात, गोळा आला की पाय चोळून देतात. बोलत फारसे नाहीत. संध्याकाळी मला घरापर्यंत पोचवून परत जातात. प्रतिभा त्यांना पाणी देते, पण चहा विचारत नाही.

एका मंगळवारी नाना मूत्रपिंडाच्या डॉक्टरांपुढे जाऊन उभे राहिले. मला नंतर कळलं. "मन्ही किडनी लई ल्या," म्हणाले. "ही तरी चांगली शे. हिले मी काय बी करेल नही."

डॉक्टर माझ्या खाटेपाशी आले आणि नानांना माझ्यादेखतच समजावून सांगितलं. मूत्रपिंड बसवलं की शरीरानं ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं द्यावी लागतात. पोटात हा जंतू आणि त्यावर औषध नाही, अशा माणसाला ती औषधं दिली तर तो जंतूच त्याला नेईल. जंतू जात नाही तोवर कुणाचंही मूत्रपिंड उपयोगाचं नाही. आणि जंतू जायला... डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. मॅडमनी पुन्हा एकदा करून बघायची तयारी दाखवली होती, दाता मिळाला तर. नानांना त्या आता घेणार नाहीत. दुसरा कुणी अजून सापडलेला नाही.

डॉक्टर गेल्यावर नाना स्टुलावर बसले. माझ्या पायावर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे हाई बी मन्ह्यामुळेच."

ते मला सोसलं नाही. त्यांच्यावर दया आली म्हणून मी बोललो, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं तर माझंच ओझं मला पेलेना म्हणून बोललो.

"नाना, गोळी चालत नाही हे मला माहीत होतं. मॅडमनी मला सांगितलं होतं, तुम्हाला सांगायला. मी सांगितलं नाही. आणि गिरणीत तुम्ही सांगितलंत तेव्हाही मला माहीत होतं."

यंत्राचा पंप फिरत होता. गुरुजींनी कूस बदलून पाठ केली.

नानांनी गुरुजींच्या पाठीकडे पाहून आवाज खाली केला. मग विचारलं, "नर्सबाईले तुम्ही मझार बोलनात, ते त्यानाकरताच?"

"हो. मधे बोललो ते त्यासाठीच."

"प्रतिभाले माहीत शे?"

"नाही."

त्यांनी माझ्या पायावरचा हात काढून घेतला. रागानं नाही. जड वस्तू खाली ठेवावी तसा. "मंग मले कसाले सांगं, दाजी?" म्हणाले. "आतेपावत मी गुन्हेगार व्हतू, मन्हं मी दखी लेतू. आते ती मले पानी दी तव्हय मी बी गप्प बसानं का? तुम्हनं हाई मी कोठे ठेऊ?"

स्वतःचा गुन्हा त्यांनी सोसला असता; माझा कुठे ठेवायचा, हे ते विचारत होते. माझ्याजवळ जे वाईट होतं ते मी आणखी एका माणसाला दिलं, एवढंच झालं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखं घरी पोचवलं. पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. एसटी चुकेल म्हणाले. तेव्हापासून ते दारातूनच परत जातात. प्रतिभा म्हणते, "बघा, वर तोंड करून रागावलाय कसा." मी म्हणतो, गिरणीत काम असेल.

डॉक्टरांनी मला किती दिवस आहेत ते सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. पुढचा ताप आला की कळेल. ज्यांना मॅडमसारखं कुणी भेटेल त्यांनी हा उपचार जरूर समजून घ्यावा, दाता मिळाला तर त्याला सगळं नीट सांगावं, आणि काही चुकलं तर त्याच दिवशी बोलावं, तारीख गेली तरी चालेल. मला हे घरात तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून कागदावर लिहून छापायला पाठवतो आहे. छापून आलं की आमच्या घरी पोस्टानं अंक येईल आणि माझ्याआधी तो प्रतिभाच उघडेल, कारण मी त्या वेळी बहुधा यंत्रावर असेन.

प्रतिभा, वाचून झालं की आधी नानांना फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल.